तोफगोळ्याच्या तांब्याचा सुरा

२२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर सव्वाशेच्या आसपास तोफगोळे डागले आणि बर्मा ऑइल कंपनीच्या तेलटाक्या पेटवल्या. त्या गोळ्यांचे तुकडे मद्रासमध्ये संग्रहालयात जपले गेले. फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर मात्र सैनिक तसल्याच धातूचे सुरे घडवू लागले. त्यांतले बहुतेक सुरे लढण्यासाठी नव्हतेच, आणि याचा पुरावा धातूच देतो. गोळ्याच्या बुडाजवळ तांब्याची पट्टी असते. गोळा सुटताना नळीतले आटे तिच्यात रुततात आणि तिरके चरे उमटतात. सैनिक ती ठोकून सपाट करत, कानशीने पात्याचा आकार देत, मुठीला रिकामे काडतूस बसवत आणि पात्यावर ईप्र किंवा सोम असे लढाईच्या ठिकाणाचे नाव कोरत. तांबे मऊ, त्याला धार टिकत नाही. अशा सुऱ्याने फार तर पाकीट फोडता येते.

कुणी म्हणेल, खंदकांत खरे लढाऊ सुरेही होते. होतेच. रात्रीच्या छाप्यात लांब संगीन अडचणीची, म्हणून संगिनी कापून आखूड केल्या गेल्या. फ्रेंचांनी काटेरी तारांच्या लोखंडी खुंटांपासून अणकुचीदार खिळे बनवले. पण ती निकडीची, ओबडधोबड कामे. त्यांच्यावर कुणी नक्षी कोरत बसले नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अशा पुष्कळ वस्तू खंदकांत नव्हे, पिछाडीच्या कार्यशाळांत झाल्या, काही तर स्थानिक नागरिकांनी विकायला केल्या. हे खरे आहे, आणि त्यातून एवढेच ठरते की छंदाला उसंत लागते, ऐरण लागते. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या अमेरिकन सैनिकांनी केलेल्या सुऱ्यांची पाती पोलादी आणि धारदार होती, तरी त्यांचे मन रमले मुठीत: विमानाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या आणि रंगीत चकत्या एकीवर एक बसवून घासण्यात. मारायला रंगीत मूठ लागत नाही.

उसंत नसली की काय होते, ते पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कुटला दिसते. पुणे डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथे डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यात अडकल्या. पोटाला पुरेसे अन्न नव्हते, तरी तिथे विमानाच्या इंजिनाच्या सिलिंडरपासून उखळी तोफ तयार झाली. शिवाय पाकीट फोडायचा सुरा लिहित्या-वाचत्या घराची वस्तू. आपले बहुतेक शिपाई पत्र दुसऱ्याकडून लिहून घेत, आणि साताऱ्या-रत्नागिरीकडे ते बहुधा कुणीतरी वाचून दाखवी. या सैनिकांच्या हातचे कसब शोधायचे, तर ते नक्षीदार सुऱ्यांऐवजी अशा निकडीच्या कामांतच शोधावे लागेल.