महाराष्ट्र निसर्ग उद्यान : उन्हाळ्यातील पक्षी आणि कीटक

धारावी बस आगारासमोर, मिठी नदीच्या काठी पसरलेले ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान ही मूळची मुंबईची कचराभूमी. कचरा टाकणे थांबल्यानंतर १९८३ मध्ये डॉ. सालिम अली यांच्या हस्ते येथे वृक्षारोपण झाले आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. दादर-माहीमच्या गजबजाटातून आत शिरणाऱ्याला, या झाडीखाली कचऱ्याचे थर आहेत हे सांगूनही पटत नाही.

हिवाळी पाहुणे परतले की पाहण्यासारखे काही उरत नाही, हा समज चुकीचा आहे. एप्रिल-मे हा अनेक स्थानिक पक्ष्यांच्या विणीचा काळ. कावळ्याच्या घरट्यावर डोळा ठेवून कोकिळा याच दिवसांत वावरते. भर दुपारी भांड्यावर हातोडी पडावी तसा ‘टुक्-टुक्’ आवाज येतो तो तांबटाचा. हिरव्या अंगाचा, तांबड्या कपाळाचा हा छोटा पक्षी वठलेल्या फांदीत बीळ कोरून घरटे करतो. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत शहरभर नेमक्या अशाच फांद्या आधी तोडल्या जातात, ही त्याची खरी अडचण.

तांबटाचे मुख्य अन्न वड, पिंपळ, उंबर यांची फळे. उंबर फोडले की किडे निघतात, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्या किड्यांवाचून झाडाचे चालत नाही, हे फारसे ठाऊक नसते. उंबराचे फूल दिसत नाही, कारण ते फळाच्या आतच असते. तिथवर पराग पोहोचवते ती जेमतेम एक-दोन दिवस जगणारी इवलीशी गांधीलमाशी. आत शिरताना तिचे पंख तुटतात. अंडी घालून ती तिथेच मरते. बी धरते ते तिच्यामुळे.

उघड्यावरच्या रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या सुरवंटांकडे लक्ष द्यावे. रुईच्या विषारी चिकामुळे ते बेचव होतात आणि पक्षी सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. सातभाईंची टोळी मात्र झाडाखालचा पाचोळा उलटून इतर किडे टिपत असते. तो पाचोळा झाडून बाग ‘स्वच्छ’ करण्याचा शहरी सोस येथे आवरलेलाच बरा.

मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी, नैऋत्य वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून चातक येऊ लागतात. त्यांची निळी अंडी सातभाईंच्याच घरट्यांत सापडतात.