कारवानाची कुळकथा

सुरतेच्या विमानतळावरून उडणाऱ्या, नऊ उतारूंच्या आणि एकाच पंख्याच्या एका चिमुकल्या विमानाचे नाव 'कॅरॅव्हॅन' आहे हे कळले, त्या दिवसापासून ह्या शब्दाने माझा पिच्छा पुरवला आहे. कारण ज्या शहरातून बारडोली, नवापूर, नंदुरबार ह्या वाटेने बऱ्हाणपुराकडे मालाचे तांडे निघत, त्याच शहरात फारसीतला 'कारवान' फ्रेंच आणि इंग्रजी वेष पालटून आकाशमार्गे उतरला होता.

विमानाची हकीकत थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या सेसना कंपनीचे हे यान १९८२ च्या डिसेंबरात प्रथम उडाले. गुजरातेतील शहरे जोडण्यासाठी २०१२ मध्ये निघालेली 'डेक्कन शटल्स' ही सेवा अल्पायुषी ठरली. पुढे २०१४ मध्ये सुरतेच्या हिरेव्यापाऱ्यांनी 'व्हेंचुरा एअरकनेक्ट' स्थापून 'ग्रँड कॅरॅव्हॅन' आणले. त्यांतील बहुतेकांचे मूळ गाव सौराष्ट्रात, आणि मध्ये खंबायतचे आखात: भावनगर आकाशातून शंभर किलोमीटरांच्या आत, परंतु आखाताला वळसा घालणाऱ्या सडकेने साडेतीनशेच्या आसपास.

आता मूळ वादाकडे वळू. कित्येक कोशकारांनी 'कारवान' शब्दाचा संबंध संस्कृत 'करभ', म्हणजे उंट, ह्याच्याशी जोडला आहे. वाळवंट, उंट आणि तांडा हे चित्र इतके मनोहर आहे, की ही व्युत्पत्ती खरी असावी असे कोणालाही वाटावे. तथापि मला ती मान्य नाही. उंटासाठी इराणी लोकांजवळ 'शुतुर' हा आपल्या 'उष्ट्र' शब्दाचा सख्खा भाऊ असताना त्यांनी 'करभ' उसना का घ्यावा? शिवाय 'करभ'मधला पहिला स्वर ऱ्हस्व, तर 'कारवान'मधला दीर्घ. उलट प्राचीन इराणी सम्राट दारयवहूच्या बेहिस्तून शिलालेखात 'कार' हा शब्द पुनःपुन्हा येतो, आणि त्याचा अर्थ लोक अथवा सैन्य असा आहे. रणभूमीला फारसीत 'कारजार' म्हणतात तो ह्याच घराण्यातला. राहिला 'वान'. दरवान आणि बागवान ह्यांत जो राखणदार उभा आहे तोच येथेही पहारा देत असावा, असा माझा तर्क आहे: कारवान म्हणजे सांभाळून नेलेला जनसमुदाय.

ह्या तर्काला पश्चिमेकडून एक अनपेक्षित साक्ष मिळते. बंदराला इंग्रजीत 'हार्बर' म्हणतात, आणि त्याचा मूळ अर्थ सैन्याचा आसरा. त्यातले सैन्यवाचक पद ह्याच 'कार'चे दूरचे आप्त. म्हणजे 'कारवानसराई' आणि 'हार्बर' हे एकाच कल्पनेचे दोन अवतार झाले, आणि ते दोन्ही सुरतेने आपल्या अंगणात नांदवले! १६४४ साली हकीकतखानाने बांधविलेली, हजच्या यात्रेकरूंना आसरा देणारी मुघल सराई आज महानगरपालिकेची कचेरी आहे, आणि तिच्या पलीकडे वाहणाऱ्या तापीच्या काठी एके काळी मक्केचे बंदर म्हणून ख्यात असलेला धक्का होता.

म्हणून त्या विमानाला उंटाच्या काफिल्याची उपमा देणे मला अपुरे वाटते. उंट हे कारवानाचे केवळ वाहन होते, आणि वाहने बदलतात. बैल आले, गलबते आली, शेवटी पंखा आला. दुष्कर वाट एकट्याने न चालता सोबतीने ओलांडणारी माणसे, हाच त्या शब्दाचा गाभा. आणि आखातावरून अर्ध्या तासात आपल्या गावी पोहोचणारे ते नऊ जण त्याच अर्थाने कारवान आहेत.