मानीव भाडे आणि बिनपावतीची पागडी

वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत भाडेपावत्यांची एक जुडी होती. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांचे भाडे महिना साडेअठरा रुपये. जून १९६८ पासूनच्या पावत्या महिन्यांच्या क्रमाने लावून सुतळीने बांधलेल्या. एकही महिना सुटलेला नाही. त्याच पेटीत त्यांची हिशेबाची वहीही होती. तिच्यात मे १९६८ मध्ये एकच ओळ आहे : ‘खोलीखर्च ७,५००’. कोणाला दिले, कशाबद्दल दिले, काही लिहिलेले नाही. आईच्या पाटल्या आणि वडिलांची दहा वर्षांची शिल्लक त्या ओळीत गेली, एवढे आम्हां भावंडांना माहीत होते. त्या रकमेची पावती पेटीत नव्हती. ती असणे शक्यही नव्हते. ती पागडी होती.

मी वकील नाही, सनदी लेखापालही नाही. बावीस वर्षे एका करसल्लागाराकडे कारकुनी केली, आणि तिथे रद्दीत निघालेले जुने न्यायनिर्णयांचे खंड घरी आणून वाचत गेलो. घरात किंवा जमिनीत पैसा गुंतवणाऱ्यांनी प्राप्तिकर कसा कमी केला, याकडे आपण लबाडीचा इतिहास म्हणून पाहतो. लबाडी होतीच. पण हे खंड वाचताना मला एक गोष्ट खटकत राहिली. या देशात घराच्या उत्पन्नावरचा कर आरंभापासून ‘मानीव’ रकमेवर उभा आहे. कायद्याने एक रक्कम मानली, मालकाने दुसरी दाखवली, आणि प्रत्यक्षात हातात पडलेली तिसरी रक्कम बहुधा कुठेच लिहिली गेली नाही. या तफावतीचा भार शेवटी कोणावर पडला, ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

सहाव्या हिश्शाची गोष्ट

१८५७च्या उठावाने कंपनी सरकार बुडाले आणि मागे कर्ज ठेवून गेले. ते फेडण्यासाठी लंडनहून जेम्स विल्सन आले. ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाचे ते संस्थापक. १८ फेब्रुवारी १८६० रोजी त्यांनी कलकत्त्यात अर्थसंकल्प मांडला आणि प्राप्तिकर आणला. दोनशे ते पाचशे रुपयांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर दोन टक्के, त्यापुढे चार टक्के. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विल्सन कलकत्त्यातच वारले. करही पाच वर्षांनी मागे घेतला गेला. पुढे तो रूपे बदलत येत-जात राहिला. १८८६च्या कायद्याने तो स्थिरावला आणि शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले गेले. शहरातले घर मात्र करात राहिले.

घरावरच्या कराची आजची घडण १९२२च्या कायद्यातून आली. त्याच्या नवव्या कलमात कर होता तो घराच्या ‘वार्षिक मूल्या’वर. म्हणजे ते घर वर्षभर भाड्याने दिले तर वाजवीपणे जेवढे भाडे यावे, तेवढी रक्कम. मालकाच्या हाती प्रत्यक्ष किती आले, हा प्रश्न दुय्यम ठरला. या मूल्यातून दुरुस्तीसाठी एक षष्ठांश वजा होई. दुरुस्तीची जबाबदारी मालकावर असली की पुरे. त्याने खरोखर वीट लावली की नाही, हे कोणी विचारत नसे. भाडे मानीव, तशी दुरुस्तीही मानीव. १९६१च्या कायद्याने हीच रचना पुढे नेली. आज त्या षष्ठांशाचे सरसकट तीस टक्के झाले आहेत, आणि आजही त्यासाठी गवंड्याचे बिल लागत नाही.

साडेअठरा रुपये

यावर मुंबईचा १९४७चा भाडे नियंत्रण कायदा येऊन बसला. जुन्या इमारतींची भाडी त्याने १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. या गोठलेल्या भाड्याला ‘प्रमाण भाडे’ म्हणत. त्याहून जास्त घेणे बेकायदा, पागडी घेणे गुन्हा. युद्ध आणि फाळणी यांनंतर माणसांनी फुगलेल्या शहरात हा कायदा नसता, तर आमच्यासारख्यांना गिरगावात थारा मिळाला नसता, हेही तितकेच खरे.

पण खोलीची खरी किंमत कायद्याने गोठत नाही. ती पागडीत उतरली. जागा सोडणारा भाडेकरू नव्याकडून पागडी घेई आणि तिचा साधारण तिसरा हिस्सा मालकाला देई. आमच्या साडेसात हजारांतले अडीच हजार मालकाचे धरले, तर ते आमच्या अकरा वर्षांच्या भाड्याहून अधिक होतात. आता त्याच्या विवरणपत्राकडे पाहा. आमच्या खोल्यांचे वर्षाचे भाडे २२२ रुपये. त्यातून दुरुस्तीचा षष्ठांश ३७ रुपये वजा. उरले १८५, आणि त्यातूनही पालिकेच्या कराचा भाग जायचा. अडीच हजार कुठेच नाहीत. ते लिहिणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे झाले असते. एका कायद्याने जी रक्कम गुन्हा ठरवली, ती दुसऱ्या कायद्याच्या नजरेआड आपोआप गेली.

१९८१ मध्ये शीला कौशिश प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जिथे भाडे नियंत्रण लागू आहे तिथे वार्षिक मूल्य प्रमाण भाड्याहून जास्त धरता येणार नाही. तर्क बिनतोड होता. कायदा जे भाडे घेऊ देत नाही, ते ‘वाजवीपणे मिळावे’ असे कसे म्हणायचे? तोवर १९७५ची दुरुस्ती येऊन प्रत्यक्ष भाडे जास्त असेल तर तेच धरायचे असे ठरले होते. मग मुंबईत दुसरी रीत रुजली : भाडे नाममात्र, बिनव्याजी डिपॉझिट भरभक्कम. खात्याने त्या डिपॉझिटवरचे मानीव व्याज भाड्यात मिळवून पाहिले. जे. के. इन्व्हेस्टर्स प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले, की प्रत्यक्ष मिळालेल्या भाड्यात असे व्याज धरता येणार नाही. मानीव रकमेवर कर बसवणाऱ्या कायद्याला इथे मानीव रकमेनेच अडवले.

खरेदीखतावरची किंमत

भाड्याइतकीच विक्रीचीही कथा आहे. मालमत्ता विकून झालेल्या भांडवली नफ्यावर पहिला कर लियाकत अली खान यांच्या १९४७च्या अर्थसंकल्पाने आणला. तो लवकरच गेला आणि १९५६ मध्ये टी. टी. कृष्णम्माचारी यांनी पुन्हा आणला. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांचा अहवाल त्याच वर्षीचा. नफ्यावर कर आला तशी खरेदीखतावरची किंमत उतरू लागली. १९७०च्या दशकाच्या आरंभी प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. ज्याच्याकडे असा पैसा होता, त्याला तो खतात लिहिण्यापेक्षा पिशवीतून देणे सोयीचे होते. मुद्रांक शुल्कही वाचे.

सरकारने आधी मानीव किमतीचा उपाय केला. १९६४ मध्ये तरतूद आली, की बाजारभाव खतातल्या किमतीहून पंधरा टक्क्यांनी जास्त निघाला, तर बाजारभावच मिळाला असे समजायचे. तिच्या जाळ्यात सापडले ते एर्नाकुलमचे के. पी. वर्गीस. १९५८ मध्ये १६,५०० रुपयांना घेतलेले घर त्यांनी १९६५ मध्ये त्याच किमतीला आपल्या सुनेला आणि मुलांना विकले. अधिकाऱ्याने घराचा भाव ६५,००० ठरवून मधल्या ४८,५०० रुपयांवर कर लावायचे ठरवले. हे पैसे वर्गीस यांना मिळालेच नव्हते, आणि मिळाले असे खात्याचेही म्हणणे नव्हते. १९८१ मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निर्णय दिला, की किंमत लपवली हे खात्याने सिद्ध करायचे. न मिळालेल्या पैशावर कर नाही.

दरम्यान निवृत्त सरन्यायाधीश वांछू यांच्या समितीने काळ्या पैशावर अहवाल दिला. त्यानंतर १९७२ मध्ये कमी किमतीला नोंदलेली मालमत्ता सरकारने खतातली किंमत आणि वर पंधरा टक्के देऊन ताब्यात घ्यावी, अशी तरतूद झाली. यातली खोच अशी, की खत झाल्यावर घर जाई ते खरेदीदाराचे. विकणारा पिशवी घेऊन केव्हाच निघून गेलेला असे. १ ऑक्टोबर १९८६ पासून नियम फिरला. मोठ्या शहरांत दहा लाखांवरच्या व्यवहाराआधीच ३७-आय क्रमांकाचा अर्ज भरायचा, आणि किंमत कमी वाटली तर सरकारच ती मालमत्ता विकत घेणार. खरेदीदाराचे म्हणणे ऐकण्याची मात्र सोय नव्हती. सी. बी. गौतम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर १९९२ मध्ये सांगितले, की सुनावणी दिलीच पाहिजे. माणूस अडचणीत असतो, आप्ताला घर देतो. दर कमी किमतीमागे चोरीच असते असे नाही.

ही तरतूद २००२ मध्ये संपली. २००३ पासून कलम ५०-सी आले. आता मुद्रांक शुल्कासाठी धरलेले मूल्य, म्हणजे आपले रेडी रेकनर, हीच विक्रीची किंमत समजली जाते. मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, पुढे दहा टक्क्यांची सूटही मिळाली. पण वर्गीस प्रकरणात जो भार खात्यावर होता तो आता विकणाऱ्यावर आला आहे. रेकनरच्या वरची रक्कम पिशवीतून घेणाऱ्याला या कलमाचा उपद्रव नाही. निकडीपोटी रेकनरखाली विकणाऱ्याला तो पुरेपूर आहे.

राजरोस वाटा

या सगळ्यात कर कमी करण्याचा सर्वांत मोठा मार्ग कायद्याच्या आतच होता. तो म्हणजे कर्ज. भाड्याने दिलेल्या घरावरच्या कर्जाचे व्याज पूर्ण वजा होई, आणि येणारा तोटा पगारातूनही वजा करता येई. समजा, दोन कोटींचे कर्ज नऊ टक्क्यांनी घेतले. व्याज वर्षाला अठरा लाख. भाडे चार लाख; तीस टक्के जाऊन उरले दोन लाख ऐंशी हजार. तोटा पंधरा लाख वीस हजार. तीस टक्क्यांच्या दरात बसणाऱ्या पगारदाराचा वर्षाचा साडेचार लाखांहून अधिक कर असा वाचे. ज्याचा पगार मोठा त्याला दुसरे घर स्वस्त पडे. २०१७च्या अर्थसंकल्पाने हा तोटा इतर उत्पन्नातून वजा करण्यावर वर्षाला दोन लाखांची मर्यादा घातली; उरलेला तोटा आठ वर्षे पुढे ओढता येतो. नव्या करप्रणालीत तीही मुभा नाही.

विक्रीच्या बाजूला घर विकून घर घेतल्यास नफ्याला सूट आहे. २०२३ पासून तिलाही दहा कोटींची मर्यादा आहे. महागाईच्या प्रमाणात मूळ किंमत वाढवून धरण्याची सोय १९९२ मध्ये आली. जुलै २०२४ मध्ये ती काढून कराचा दर वीसवरून साडेबारा टक्के केला, तेव्हा एवढी ओरड झाली, की जुन्या मालमत्तांना दोन्हींपैकी कमी कर भरण्याची मुभा द्यावी लागली. नव्या प्राप्तिकर कायद्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. त्याची भाषा सोपी केली आहे. ‘वार्षिक मूल्य’ त्यातही आहे.

वहीतली ओळ

१९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला अखेर कायद्यात जागा दिली. २००७ मध्ये आम्ही तिघा भावंडांनी गिरगावच्या खोल्या सोडल्या, तेव्हा मालकाचा हिस्सा धनादेशाने गेला आणि पावती मिळाली. मग कराचा हिशेब मांडायला बसलो. भाडेहक्क सोडून आलेल्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर असतो. हक्क आधीच्या माणसाकडून विकत घेतल्याचे दाखवता आले तर ती किंमत वजा होते, नाही तर मूळ किंमत शून्य. इतर जुन्या मालमत्तांना १९८१चा बाजारभाव धरता येई, भाडेहक्काला तोही नाही. मी वडिलांची वही साहेबांपुढे ठेवली. त्यांनी ती ओळ वाचली आणि वही हळूच मिटली.

मी आणि धाकट्या भावाने आपापल्या हिश्शातून घर घेतले, म्हणून आमचा कर वाचला. बहिणीने घर घेतले नाही. तिच्या यजमानांच्या आजारपणाला पैसे हवे होते. मूळ किंमत शून्य धरून तिने पूर्ण हिश्शावर कर भरला. आईच्या पाटल्या त्या शून्यात होत्या.

चाळ सोडताना जिन्याला लाकडी टेकू लावलेले होते. एकोणचाळीस वर्षांत मालकाने तो जिना दुरुस्त केल्याचे मला आठवत नाही. पावत्यांची जुडी अजून माझ्याकडे आहे. दर वर्षी सदतीस रुपये वजा होण्याइतकी दुरुस्ती तिच्यात झालेली आहे.