महाराष्ट्रातील शासकीय कर्मचाऱ्यांचे समझोते व राज्याचा वित्तीय भार

महाराष्ट्र राज्य शासन आणि त्याच्या कर्मचारी संघटना यांच्यात वेतन, महागाई भत्ता व निवृत्तिवेतन यांविषयी होणाऱ्या वाटाघाटींचा राज्याच्या महसुली खर्चावर दीर्घकाळ परिणाम होतो. वेतन, निवृत्तिवेतन व कर्जावरील व्याज हा 'बांधील खर्च' मानला जातो. अलीकडच्या अर्थसंकल्पांत राज्याच्या महसुली जमेचा अर्ध्याहून अधिक भाग त्यावर खर्च होतो. नाशिक हे महसुली विभागाचे मुख्यालय असल्याने या वाटाघाटींचे व संपांचे पडसाद तेथे ठळकपणे उमटले आहेत.

'''कायदेशीर स्वरूप'''

कारखान्यातील कामगारांचा वेतन करार आणि शासकीय कर्मचाऱ्यांशी होणारा समझोता यांत मूलभूत फरक आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३०९ नुसार राज्यसेवेतील सेवाशर्ती कायद्याने किंवा नियमांनी ठरतात. त्यामुळे वाटाघाटीत मान्य झालेली मागणी मंत्रिमंडळाचा निर्णय व शासन निर्णय निघाल्यावरच अंमलात येते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ कर्मचाऱ्यांना संपास मनाई करतात. शासकीय कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, वैधानिक वा नैतिक अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने टी. के. रंगराजन विरुद्ध तमिळनाडू शासन या खटल्यात २००३ साली म्हटले. तरीही राज्यात संप झाले आणि त्यांतून शासनाने मागण्याही मान्य केल्या. राज्य परिवहन महामंडळात मात्र मान्यताप्राप्त संघटनेशी ठरावीक मुदतीचा वेतन करार करण्याची प्रथा होती. २०१८ मध्ये ४,८४९ कोटी रुपयांची वेतनवाढ एकतर्फी जाहीर झाली, तेव्हा एसटी कर्मचाऱ्यांनी अचानक संप पुकारला.

'''महागाई भत्ता व वेतन आयोग'''

केंद्राच्या दराने महागाई भत्ता मिळावा यासाठी १९७७-७८ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, कर्मचाऱ्यांनी ५४ दिवसांचा संप केला. र. ग. कर्णिक हे त्याचे प्रमुख नेते होते. केंद्राशी समानतेचे तत्त्व पुढे राज्यात रुजले. त्याचा वित्तीय अर्थ असा की केंद्राने भत्ता वाढवला की राज्यावरही वाढीचा दबाव येतो. राज्याच्या हाती उरते ती मुख्यतः वेळ. वाढ काही महिन्यांनी लागू करणे आणि थकबाकी हप्त्यांनी देणे ही त्यामुळे नेहमीची रीत झाली आहे.

सातव्या वेतन आयोगाच्या वेळी हे स्पष्ट दिसले. ऑगस्ट २०१८ मधील तीन दिवसांच्या संपानंतर त्याच वर्षी डिसेंबरात मंत्रिमंडळाने मान्यता दिली. नवे वेतन १ जानेवारी २०१६ पासून लागू मानले गेले, प्रत्यक्षात ते जानेवारी २०१९ पासून मिळाले. मधल्या ३६ महिन्यांची थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत देण्याचे ठरले व कोविड काळात एक हप्ता लांबणीवर पडला. एकूण भार ३८ हजार कोटी रुपयांहून अधिक सांगण्यात आला.

'''जुनी निवृत्तिवेतन योजना व २०२३ चा संप'''

१ नोव्हेंबर २००५ वा त्यानंतर सेवेत आलेल्यांना राज्याने परिभाषित अंशदान योजना लागू केली. पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत विलीन झाली. तीत कर्मचारी वेतनाच्या १० टक्के व शासन १४ टक्के रक्कम दरमहा जमा करते. निवृत्तीनंतर किती मिळेल याची हमी नसते. जुन्या योजनेत अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन निश्चित असते, परंतु त्यासाठी निधी साठवला जात नाही.

वादाचे मर्म येथेच आहे. जुन्या योजनेकडे परतल्यास शासनाचे आजचे १४ टक्के वाचतात आणि खरा खर्च पुढे ढकलला जातो. २००५ च्या अखेरीस पंचविसाव्या वर्षी रुजू झालेला कर्मचारी ५८ व्या वर्षी, म्हणजे २०३८ च्या सुमारास निवृत्त होईल. निर्णय घेणारे सरकार आणि तो खर्च भागवणारे सरकार यांत अनेक निवडणुकांचे अंतर असते. तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात १ लाख १० हजार कोटींच्या भाराचा इशारा दिला होता. महिन्याभरानंतर झालेल्या विधान परिषदेच्या निवडणुकांत, नाशिक पदवीधर मतदारसंघासह, हाच प्रश्न गाजला आणि शासनाची भाषा सौम्य झाली. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ मधील एका अभ्यासानुसार सर्व राज्ये जुन्या योजनेकडे परतल्यास एकत्रित भार नव्या योजनेच्या सुमारे साडेचार पट होऊ शकतो.

१४ मार्च २०२३ पासून शासकीय, निमशासकीय कर्मचारी व शिक्षक बेमुदत संपावर गेले. याच काळात अवकाळी पावसाने व गारपिटीने नाशिक परिसरातील द्राक्षे व कांदा यांचे नुकसान झाले. महसूल कर्मचारी संपावर असल्याने पंचनामे रखडले. त्याच आठवड्यात दिंडोरीहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईकडे चालला होता आणि कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर झाले. एकाच तिजोरीवरील दोन दावे अशा रीतीने एकाच वेळी पुढे आले.

मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या लेखी आश्वासनानंतर २० मार्चला संप मागे घेण्यात आला. सुबोध कुमार, के. पी. बक्षी व सुधीर श्रीवास्तव या निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमण्यात आली. जानेवारी २०२४ मध्ये, १ नोव्हेंबर २००५ पूर्वीच्या जाहिरातीतून निवडल्या गेलेल्या पण नंतर रुजू झालेल्या सुमारे २६ हजार कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. मार्च २०२४ मध्ये सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना जाहीर झाली. तीत कर्मचाऱ्याचे अंशदान कायम ठेवून अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के व त्यावर महागाईवाढ यांची हमी आहे. २५ ऑगस्ट २०२४ रोजी राज्याने केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजनाही स्वीकारली. बाजारातील चढउतारांची जोखीम यामुळे कर्मचाऱ्याकडून बव्हंशी शासनाकडे आली. अंशदान चालू राहिल्याने भाराचा काही भाग मात्र आधीच साठतो.

'''अप्रत्यक्ष परिणाम'''

वेतनाचे दर कमी करता येत नसल्याने शासन खर्च आवरते ते पदे रिक्त ठेवून आणि कंत्राटी वा बाह्यस्रोत भरती करून. अशा कर्मचाऱ्यांना वरील समझोत्यांचा लाभ सहसा मिळत नाही. आश्रमशाळांतील रोजंदारी कर्मचाऱ्यांनी बाह्यस्रोत भरतीविरुद्ध जुलै २०२५ पासून नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर केलेले बिऱ्हाड आंदोलन याच वर्गाचे होते.