काळजाच्या भिंतीला भोक नाही

आपण मराठीत ‘काळीज’ म्हणतो तेव्हा हात आपोआप छातीवर जातो. काळीज धडधडतं, काळजाचा ठोका चुकतो. पण मटणाच्या दुकानात जाऊन काळीज मागा, खाटीक यकृत तोलून देईल. उर्दू शायरीतल्या ‘जिगर’चंही तेच. शब्दाचा अर्थ यकृत, पण दुखतं ते हृदयात. आम्ही कवी मंडळींनी ही सरमिसळ खुशाल चालवून घेतली. पण वैद्यकाच्या इतिहासातही यकृत आणि हृदय यांचा असाच घोळ जवळजवळ दीड हजार वर्षं चालला होता.

तो घोळ घातला एका फार मोठ्या माणसानं. दुसऱ्या शतकातला गॅलन हा ग्रीक वैद्य आधी ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधत असे, पुढे रोमच्या सम्राटाचा वैद्य झाला. त्याच्या आधीचे काही पंडित म्हणत की रोहिण्यांतून हवा वाहते. गॅलननं जिवंत जनावराची रोहिणी दोन ठिकाणी दोऱ्यानं बांधली, मधला भाग कापला आणि दाखवलं, की आत रक्तच आहे. इतका चोख माणूस! पण माणसाचं प्रेत फाडायची तेव्हा सोय नव्हती. माकडं आणि डुकरं पाहून त्यानं माणसाचं चित्र रंगवलं. अन्नापासून यकृतात रक्त तयार होतं, नीलांमधून ते अंगभर जातं आणि पाटाचं पाणी वाफ्यात जिरावं तसं तिथंच जिरतं. मग हृदयाच्या उजव्या कप्प्यातून डाव्या कप्प्यात थोडं रक्त जातं ते कसं? गॅलन म्हणाला, मधल्या भिंतीत डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं आहेत.

ती भोकं कुणीच पाहिली नव्हती. पण गॅलननं सांगितलं म्हणून सगळ्यांनी मानली. इब्न सिनासारख्या अलौकिक बुद्धीच्या हकीमानं आपल्या ‘कानून’ या महाग्रंथात हृदयाचं वर्णन गॅलनच्याच वाटेनं केलं, तेव्हा तर प्रश्नच मिटला.

मिटला नाही, कारण दमास्कसच्या नूरी रुग्णालयात शिकलेला एक तरुण पुढे कैरोला आला. त्याचं नाव इब्न अल-नफीस. जन्म १२१३चा. वैद्यकाबरोबर तो शाफई धर्मशास्त्रही शिकवत असे. १२४२ साली, वयाच्या तिशीच्या आत, त्यानं ‘कानून’मधल्या शरीररचनेवर भाष्य लिहिलं. भाष्यकारानं गुरूची री ओढायची असते. यानं मात्र स्वच्छ लिहिलं, की ही भिंत भरीव आहे. तिला दिसणारी भोकं नाहीत आणि न दिसणारीही नाहीत. उजव्या कप्प्यातलं रक्त फुप्फुसात जातं, तिथं त्यात हवा मिसळते आणि मग ते डाव्या कप्प्यात येतं. प्रेत फाडण्यापासून आपल्याला शरीयत आणि मनातली दया रोखते, असंही तो सांगतो. मग हे त्यानं पाहून लिहिलं की निव्वळ तर्कानं, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

बकरी ईदला घरात आलेलं ‘दिल’ सुरीनं उभं चिरलं, की मला ती भिंत दिसते. करंगळीएवढी जाड, घट्ट मांसाची. पण जे पुस्तकात आहे ते डोळ्यांपेक्षा खरं, असं एकदा मनानं घेतलं की समोरची भिंतही दिसत नाही.

इब्न अल-नफीस १२८८ साली वारला. घर आणि पुस्तकं त्यानं कैरोच्या मन्सुरी रुग्णालयाला देऊन टाकली. नंतरच्या मोजक्या भाष्यकारांनी त्याच्या म्हणण्याची दखल घेतली, पण पुढचं पाऊल कुणी टाकलं नाही. युरोपात १५५३मध्ये सर्व्हेटसनं आणि १५५९मध्ये कोलंबोनं फुप्फुसाची तीच वाट सांगितली. सर्व्हेटसला त्याच्या धर्ममतांपायी जिनिव्हात जिवंत जाळलं. इब्न अल-नफीसचं म्हणणं या दोघांपर्यंत पोचलं होतं का, यावरही एकमत नाही.

हृदय ते हृदय असं पूर्ण चक्र मांडलं ते इंग्रज वैद्य विल्यम हार्वेनं, १६२८ साली. त्यानं साधा हिशेब केला. आजचे आकडे घेऊन आपणही करू. एका ठोक्याला हृदय साधारण ७० मिलिलिटर रक्त फेकतं, मिनिटाला ठोके साधारण ७०. म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५ लिटर, तासाला ३०० लिटर. अख्ख्या अंगात रक्त असतं ५ लिटरच्या आसपास. तासाला ३०० लिटर नवं रक्त तयार करायला यकृत अन्न आणणार कुठून? तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे.

रक्तवाहिन्यांची घडणही हेच सांगते. रोहिणीची भिंत जाड आणि लवचीक असते. हृदयाचा धक्का बसला की ती ताणते आणि पुन्हा मिटते, तीच आपली नाडी. नीला पातळ, तिच्यात दाब कमी. म्हणून हातापायांच्या नीलांमध्ये झडपा असतात, त्या रक्ताला हृदयाकडे जाऊ देतात, मागं फिरू देत नाहीत. पण रोहिणीतलं रक्त नीलेत शिरतं कुठून, हे हार्वेला दिसलं नव्हतं. इटलीच्या मालपिघीनं १६६१ साली सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात त्या वाटा पाहिल्या. त्या केशवाहिन्या. त्यांची भिंत एका पेशीच्या जाडीची. तांबड्या पेशी त्यांतून एकामागून एक, रांगेनं जातात आणि तिथंच प्राणवायूची देवघेव होते. गॅलनची न दिसणारी भोकं खोटी होती, पण न दिसणाऱ्या वाटा खरोखर होत्या. फरक एवढाच, की मालपिघीनं त्या पाहून सांगितल्या.

आणि इब्न अल-नफीस? जर्मनीत शिकणाऱ्या अत-ततावी नावाच्या इजिप्शियन डॉक्टरला १९२४ साली बर्लिनच्या ग्रंथालयात त्याचं हस्तलिखित सापडलं. लिहिल्यानंतर ६८२ वर्षांनी.

आता त्याचं नाव भाषणांत अभिमानानं घेतलं जातं. ‘हे आमच्या लोकांनी आधीच शोधलं होतं’ असं म्हणताना छाती फुगते. माझीही फुगते. पण मग वाटतं, त्यानं तर आपल्याच परंपरेतल्या सर्वांत मोठ्या माणसाला, अदब राखून, ‘हे चूक आहे’ असं सांगितलं होतं. आणि आपण ते पुस्तक मिटून ठेवलं. जुन्या पोथ्यांत सगळंच होतं असं सांगणारे सगळ्याच धर्मांत आहेत. त्यांच्यात जाऊन बसण्यापेक्षा, आपल्या पोरानं उद्या ‘अब्बा, इथं भोक दिसत नाही’ म्हटलं तर आपण काय उत्तर देऊ, याचा विचार मला जास्त मोलाचा वाटतो.