पबचं तळघर आणि फिरती बादली

ऑगस्ट १९४७. आपल्याकडे स्वातंत्र्य आणि फाळणी एकदमच दारात आली होती, त्याच महिन्यात स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरामध्ये, एक कलामहोत्सव सुरू झाला. युद्ध संपून दोन वर्षं झाली होती, ब्रिटनमध्ये अजून रेशन होतं, आणि हे लोक ऑपेरा भरवत होते. कल्पना रुडॉल्फ बिंग यांची. नाझींच्या धास्तीने युरोप सोडून आलेला हा ऑपेरा-व्यवस्थापक. व्हिएन्नाचा फिलहार्मोनिक वाद्यवृंद आला, त्याला हाताशी घ्यायला ब्रुनो वॉल्टर आले. ते स्वतः ज्यू, त्याच व्हिएन्नातून परागंदा झालेले.

या सोहळ्याला आठ नाटकमंडळ्या न बोलावता आल्या. सहा स्कॉटिश, दोन इंग्लिश. मोठी थिएटरं आमंत्रितांनी भरलेली, म्हणून त्यांनी मिळेल तो हॉल धरला. एकाचा प्रयोग तर खाडीपलीकडच्या डनफर्मलिनच्या मठात झाला. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककार-पत्रकाराने हे कडेकडेने चाललेले प्रयोग म्हणजे महोत्सवाची ‘फ्रिंज’, म्हणजे झालर, असं लिहिलं आणि नाव चिकटलं. आज मूळ महोत्सवापेक्षा झालरच कितीतरी मोठी आहे.

फ्रिंजचा इतिहास सांगताना नेहमी हीच आठ मंडळ्यांची गोष्ट सांगतात. आमंत्रण लागत नाही, कुणीही या, केवढी लोकशाही! १९५८ साली फ्रिंज सोसायटी स्थापन झाली तेव्हा कार्यक्रमांची निवड आपण करायची नाही, हे तिने धोरण म्हणूनच ठरवलं. सगळं खरं. पण मला यात कायम एक प्रश्न पडतो: खोलीचं भाडं कोण देतं? तो विचारला की गोष्ट थिएटरांतून निघते आणि पबमध्ये येऊन बसते.

हॅमिश हेंडरसन हा कवी युद्धातून सैनिक म्हणून परतलेला, डाव्या विचारांचा, आणि लोकगीतांच्या मागे वेडा. १९५१ साली कामगार संघटना आणि डाव्या मंडळींनी एडिंबरामध्ये ‘पीपल्स फेस्टिवल’ भरवला. महोत्सव शहरात, पण तिकीट शहरातल्या कामगाराच्या खिशाबाहेर, ही त्यांची तक्रार. त्यात हेंडरसनने एक ‘केली’ घडवून आणली. केली म्हणजे गाणी, गोष्टी, नाच यांची घरगुती मैफल. बारा बेटावरची फ्लोरा मॅकनील गेलिक गाणी गायली. जत्रांत आणि रस्त्यावर गात भटकणारा जिमी मॅकबेथ त्याच मंचावर उभा राहिला. अमेरिकन संग्राहक अॅलन लोमॅक्सने ते सगळं ध्वनिमुद्रित केलं. पुढच्याच वर्षी हा महोत्सव कम्युनिस्टांचा आहे म्हणून मजूर पक्षाने त्याला बहिष्कृत यादीत टाकलं, आणि १९५४नंतर तो बंद पडला.

महोत्सव मेला, गाणं पबमध्ये गेलं. हेंडरसन एडिंबरा विद्यापीठाच्या ‘स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज’मध्ये काम करायचा, आणि तिथून चालत काही मिनिटांवर फॉरेस्ट रोडला ‘सँडी बेल्स’ हा पब. तोच त्याचा खरा वर्ग, असं लोक गमतीने म्हणायचे. अशा पबमधल्या वाजवण्याला ‘सेशन’ म्हणतात. मंच नाही, माइक नाही, तिकीट नाही. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल, बासरी, अॅकॉर्डियन घेऊन चारपाच जण बसतात; एकाने सूर धरला की ज्याला येतं तो शिरतो. पाठ प्रेक्षकांकडे असली तरी चालते. आपल्याकडे भजनी मंडळ बसतं, साधारण तसंच. फक्त टाळांच्या जागी बिअरचे ग्लास.

तेव्हाचा पब आजच्यासारखा रात्रभर चालायचा नाही, हे लक्षात घ्या. साठच्या दशकात स्कॉटलंडमधले पब रात्री दहाला बंद व्हायचे आणि रविवारी उघडायचेच नाहीत. १९७६चा परवाना कायदा आला तेव्हा कुठे वेळ सैल झाली. ऑगस्टात रात्री उशिरापर्यंत पबमध्ये हसणं-गाणं चालणं हे ‘प्राचीन स्कॉटिश परंपरा’ म्हणून पर्यटकांना विकलं जातं. ती परंपरा माझ्या आईपेक्षा लहान आहे.

आता विनोद यात कुठून आला? माझ्या मते एक रस्ता सरळ गाण्यातूनच आला, आणि त्याचं उत्तम उदाहरण बिली कॉनली. क्लाइड नदीकाठच्या जहाजकारखान्यात वेल्डर, हातात बँजो, ‘हंबलबम्स’ नावाचा लोकसंगीताचा गट. दोन गाण्यांच्या मध्ये तो बोलायचा. बोलणं लांबत गेलं, गाणी आखडत गेली, आणि एक दिवस गायकाचा विनोदवीर झालेला होता. १९७२ साली फ्रिंजमध्ये ‘द ग्रेट नॉर्दर्न वेली बूट शो’ गाजला, त्यात तो होता. विषय होता क्लाइडच्या कामगारांनी बंद पडणारे कारखाने स्वतः चालवून दाखवल्याचा. तमाशा पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. गवळण आणि वगाच्या मध्ये बतावणी असतेच, आणि सोंगाड्या चांगला असेल तर लोक त्याच्यासाठीच येतात.

ऐंशीच्या दशकात विनोदाला भाव आला. १९८१ साली पेरिये पारितोषिक सुरू झालं. पहिलं केंब्रिजच्या फूटलाइट्सना गेलं, त्यात एमा थॉम्पसन, ह्यू लॉरी, स्टीफन फ्राय होते. असेम्ब्ली, प्लेझन्स, गिल्डेड बलून अशी मोठी ठिकाणं उभी राहिली. आणि हिशेब बदलला. बऱ्याच ठिकाणी कलाकाराला ‘हमी’ द्यावी लागे: तिकीटविक्रीतला जागामालकाचा वाटा ठरलेल्या रकमेपेक्षा कमी भरला, तर फरक कलाकाराने खिशातून द्यायचा. वर नोंदणी फी, पोस्टरं, प्रसिद्धी, महिनाभराचं राहणं. हॉल अर्धा भरूनही कलाकार कर्ज घेऊन घरी जाणार, हे गृहीतच. दारावर पहारेकरी नव्हता, पण दाराला भाडं होतं.

१९९६ साली पीटर बकली हिल या विनोदी गाणी म्हणणाऱ्या माणसाने हा हिशेब उलटा केला. पबला सांगितलं, तुझं तळघर रिकामं पडलंय, ते फुकट दे. मी माणसं आणतो, ती बिअर पितील. प्रेक्षकांना तिकीट नाही, कलाकारांना भाडं नाही, शेवटी बादली फिरेल. यातून ‘फ्री फ्रिंज’ वाढली. पुढे तिच्याच धर्तीवर ‘लाफिंग हॉर्स’वाल्यांनी वेगळी चूल मांडली आणि दोघांत वितुष्ट आलं. फड म्हटला की फूट आलीच. ते काही आपल्याकडेच होतं असं नाही.

मी एका ऑगस्टात अशा एका तळघरात बसलो होतो. दुपारचे तीन, अकरा प्रेक्षक, वर फुटबॉल चालू. गोल झाला की छत हादरायचं, आणि ती मुलगी दर वेळी थांबून जणू तो आरडाओरडा तिच्याच विनोदाला आहे असं वाकून अभिवादन करायची. शेवटी ती दारात उभी राहिली, एका हातात बादली, दुसऱ्यात कार्ड मशीन. लाजणं नाही, लाचारी नाही. कीर्तनानंतर आरतीचं ताट फिरतं तेव्हा आपण जसे खिसे चाचपतो, तसे सगळे चाचपत होते. यात दौलतजादासारखं काही आहे का, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण तिथे पैसा फेकणारा मोठा होतो, इथे तसं नव्हतं. फार तर आवडलं नाही म्हणून मान खाली घालून सटकता येतं. तिकीट आधी काढलेल्याला ती सोय नाही.

फुकट म्हणजे हलकं, ही समजूत हळूहळू गळाली. २००९ साली बकली हिलला एडिंबरा कॉमेडी अवॉर्ड्समध्ये परीक्षकांचं खास पारितोषिक मिळालं. जॉन कर्न्सने २०१३ साली नवोदिताचा आणि २०१४ साली मुख्य पुरस्कार जिंकला, दोन्ही फ्री फ्रिंजच्या प्रयोगांसाठी. त्याआधी २००८मध्येच फ्रिंजच्या कार्यक्रमपत्रिकेत विनोदाने नाटकाला संख्येत मागे टाकलं होतं.

आपल्याकडे ही वाट वेगळ्या दारातून आली. २०१० साली लंडनच्या ‘कॉमेडी स्टोअर’ने मुंबईत लोअर परळला शाखा काढली, ती मॉलमध्ये. मूळ लंडनचं दुकान १९७९ साली सोहोमधल्या एका स्ट्रिप क्लबच्या वर सुरू झालं होतं. गिरण्यांच्या जमिनीवरच्या त्या मॉलमध्ये तिकीट काढून हसणारे आणि त्याच जमिनीवर कधीकाळी शाहिरांचे पोवाडे ऐकणारे, यांची गाठ पडली असती तर काय झालं असतं, कोण जाणे.

एडिंबरामध्ये आता खोलीचा प्रश्न तळघरातून निघून शयनगृहात गेलाय. ऑगस्टात घरभाडी एवढी चढतात की फुकट जागा मिळालेला कलाकारही राहायचं कुठे म्हणून अडतो. पर्यटकांना अल्पमुदतीने घरं द्यायला आता परवाना लागतो. रहिवाशांना तो हवा होता, कलाकारांना धास्ती वाटते की आहेत त्या खोल्याही जातील. दोघांचंही बरोबर आहे. काही जण रोज रात्री शेवटच्या गाडीने ग्लासगोला परततात.

सँडी बेल्समधलं सेशन सप्टेंबरातही चालू असतं. तिथे वाजवणारे बहुतेक जण त्याच शहरात राहतात.