झिंगलेला नव्हे, आजारी

माझ्या लहानपणी रेडीच्या बंदरावर एक माणूस तोल सावरत चालायचा. हात आपोआप हलायचे, तोंड वेडंवाकडं व्हायचं. आम्ही पोरं ‘झिंगला, झिंगला’ म्हणत त्याच्यामागे धावायचो. मोठी माणसं म्हणायची, बाहेरचं काहीतरी आहे. कुणी त्याच्यासाठी देवळात गाऱ्हाणं घातलं, कुणी दर्ग्यावर नेलं. डॉक्टरकडे मात्र नेलं नाही. पुढे हंटिंग्टनच्या आजाराचा इतिहास वाचला, तेव्हा मला तोच आठवला.

हा इतिहासही किनाऱ्यावरचाच आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड बेटावर ईस्ट हॅम्प्टन हे गाव आहे. तिथल्या जॉर्ज हंटिंग्टनचे आजोबा डॉक्टर, वडीलही डॉक्टर. लहानगा जॉर्ज वडिलांबरोबर रोग्यांकडे निघाला होता. वाटेत दोन बाया दिसल्या, मायलेकी. दोघी उंच, हाडकुळ्या. दोघींचं अंग सारखं वाकत, पिळवटत होतं. ते दृश्य तो विसरला नाही. स्वतः डॉक्टर झाल्यावर १८७२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने या आजारावर लेख लिहिला. आजोबांचे आणि वडिलांचे अनुभव त्याच्यापाशी होते. डॉक्टरांच्या तीन पिढ्यांनी त्याच घराण्यांच्या पिढ्या पाहिल्या, म्हणून आजार वारशाने येतो हे तो ठामपणे सांगू शकला.

या आजाराचं मूळ चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतं. त्यात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, गाण्यातल्या ध्रुपदासारखा. तो निरोगी माणसातही असतो. पण चाळीस किंवा त्याहून अधिक वेळा आला, की प्रथिन बिघडतं आणि मेंदूतल्या पेशी हळूहळू मरू लागतात. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला आजार असला, तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो होण्याची शक्यता निम्मी. लक्षणं बहुधा तिशी ते पन्नाशीत दिसतात. तोवर लग्न होऊन मुलंबाळंही झालेली असतात. आधी चिडचिड, उदासी, विसराळूपणा. मग हातापायांच्या आवरता न येणाऱ्या हालचाली. पुढे बोलणं अडखळतं, घास गिळणं कठीण होतं.

व्हेनेझुएलात माराकायबो सरोवराच्या काठी कोळ्यांच्या वस्त्या आहेत. तिथे १९५० नंतर आलेल्या डॉ. अमेरिको नेग्रेते यांनाही हे रोगी आधी दारुडेच वाटले होते. १९७९ पासून नॅन्सी वेक्सलर तिथे जाऊ लागल्या. त्यांची आई याच आजाराने गेली होती. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन वंशावळी लिहिल्या, रक्ताचे नमुने गोळा केले. त्या गरीब कोळ्यांनी काही लपवलं नाही. त्यांच्या रक्ताच्या मदतीने १९८३ मध्ये जनुकाचा ठाव लागला आणि १९९३ मध्ये जनुकच हाती आलं. २०२० मध्ये वेक्सलर यांनी स्वतःलाही हा आजार असल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे सोयरिक जुळवताना घराणं विचारतात आणि घराण्यातला आजार झाकतात. तो पूर्ण बरा करणारं औषध अजून हाती नाही. हालचाली आवरणारी औषधं आहेत. रक्ताच्या तपासणीने निदान होतं. मात्र तपासणी करायची की नाही, हे ज्याचं त्याने समुपदेशन घेऊन ठरवावं. त्यासाठी आधी घरात बोलायला हवं, आणि ते बोलणं शेजाऱ्यांनी हसू न करता ऐकायला हवं.

बंदरावर त्या माणसामागे धावणाऱ्या पोरांत मीही होतो. म्हणून आज हे सांगतो आहे.